पुरावा पोटात

सकाळी साडेसहाला लोवेल ब्रांट वॉशिंग मशीनच्या आडोशाला उभा राहून पोटच्या पोरीचं चॉकलेट खात होता, आणि त्याला त्याची काडीइतकीही लाज वाटत नव्हती. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी आयोवातल्या एल्कफोर्ड गावात निम्मे बाप हेच करत असतात. पोरं भुताखेतांचे कपडे घालून संध्याकाळभर दारोदार हिंडतात, प्रत्येक दारात एकेक विनोद सांगतात आणि उशीच्या अभ्र्यात गोळ्या-चॉकलेटं भरून आणतात. मग आईबाप "थांबा हं, तपासायला हवं, हल्ली कुणाचा भरवसा नाही" असं म्हणत अभ्रा ताब्यात घेतात. तपासणीत लिंबाच्या गोळ्या दरवर्षी सुरक्षित ठरतात. शेंगदाण्याचं चॉकलेट मात्र दरवर्षी संशयास्पद निघतं.

आजवर लोवेल अंगठ्याएवढ्या तुकड्यांवर भागवायचा. यंदा त्याने हॉफस्ट्राबाईंनी दिलेल्या चॉकलेटच्या अख्ख्या बारला हात घातला. दुकानात मिळतो तसा वीतभर बार देणाऱ्या अख्ख्या गावात त्या एकट्याच. वय एक्क्याऐंशी, आणि हा रिवाज गेली चाळीस वर्षं. पण बाई तशा खमक्या. विनोद पचनी पडला तरच बार, नाहीतर एक सफरचंद. त्याच्या नऊ वर्षांच्या विनीने महिनाभर विनोद घोकून तो बार कमावला होता, आणि शाळेतून आल्यावर चवीचवीने खायचा म्हणून टेबलावर जपून ठेवला होता.

"डॅडी, माझा मोठा बार कुठाय?"

लोवेलने घाईघाईने ओठ पुसले. खरं सांगायची ती एकच वेळ होती, ती त्याने घालवली. "अगं, त्याचं वेष्टन फाटलेलं होतं. टाकून दिला मी."

"फाटलेलं? हॉफस्ट्राबाईंनी दिलेलं?"

"जरासंच. पण विषाची परीक्षा कशाला घ्या?"

विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने बापाच्या कमरेला मिठीच मारली. "तू मला वाचवलंस, डॅडी."

लोवेलला आतून कुठेतरी टोचलं. त्यावर उतारा म्हणून त्याने कोटाच्या खिशातलं आणखी एक चॉकलेट तोंडात टाकलं.

विनीने नऊ वाजता ही हकिगत वर्गात सांगितली. ऐकून एका पोराच्या पोटात लगेच दुखायला लागलं. त्याने तो बार खाल्लाच नव्हता, ही गोष्ट वेगळी. अकरा वाजता शाळेचा निरोप सगळ्या पालकांच्या फोनवर येऊन थडकला: हॉफस्ट्राबाईंकडचे बार खाऊ नयेत, ताबडतोब तपासावेत. आता हे बार तपासणार कसे? घरोघरचे बार केव्हाच तपासून झाले होते, आणि ज्यांनी तपासले ते अजून ढेकर देत होते.

बारा वाजता समोरच्या घरातल्या ट्रॉय वेंटचा फोन आला. "लोवेल, आमच्याही बारचं वेष्टन फाटलेलं होतं बरं का! दोन्ही पोरांचं. मी तडक टाकून दिले."

"दोन्ही?"

"दोन्ही. एक तर इतकं फाटलं होतं, की आत काही उरलंच नव्हतं म्हण ना."

खाई त्याला खवखवे. लोवेल काय ते समजला. पण बोलणार कुठल्या तोंडाने? संध्याकाळी चारपर्यंत अशी तेवीस वेष्टनं फाटली. पोरं घरी येऊन विचारत होती, आणि आईबापांना आयतं उत्तर सापडलं होतं.

पाच वाजता पोलिसांतला डेप्युटी गॅरिक रस्क वही घेऊन लोवेलच्या दारात उभा राहिला. "पहिली तक्रार तुझी. बार कुठाय?"

"टाकला."

"सगळे हेच सांगतायत. तेवीस तक्रारी, आणि नमुना एक नाही! कचऱ्याचे डबे उपसले मी. वेष्टनं आहेत, चॉकलेटाचा कण नाही."

"उंदीर असतील."

"तेवीस घरांत? आणि वेष्टनाची नीट घडी घालणारे?" मग नजर चुकवत तो पुटपुटला, "आमच्या पोराचाही फाटलेलाच होता म्हणा. हे बघ, प्रयोगशाळेला काहीतरी पाठवायलाच हवं. उद्या सकाळी दहाला चर्चच्या तळघरात बैठक आहे. बाईंनाही बोलावलंय."

तो गेल्यावर लोवेलला घरात बसवेना. तो हॉफस्ट्राबाईंच्या दारावरून गेला, तेव्हा त्या स्टुलावर चढून दारावरचा दिवा काढत होत्या. दिवा म्हणजे मुलांना आवतण. तो नाही तर कुणी पायरी चढत नाही.

"बाई, उतरा! पडाल!"

"पडू दे. हात कापतात रे हल्ली, लोवेल. माझंच नख लागलं असणार. चाळीस वर्षं केलं, आता पुरे. एखाद्या लेकराला काही झालं असतं, तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

लोवेलने निमूटपणे दिवा काढून त्यांच्या हातात दिला. आपल्याइतका हलकट माणूस अख्ख्या आयोवात नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते फारसं चूक नव्हतं.

"जा आणि सांगून टाक," घरी सगळं ऐकून त्याची बायको मार्ला म्हणाली.

"तू सांग ना! तूही खाल्लंसच की."

"मी कॅरमल खाल्लं. कॅरमलसाठी पोलीस आलेत का?"

सांगायचा धीर नव्हता, म्हणून लोवेलने डोकं चालवलं. तसाच एक नवा बार आणायचा, वेष्टन जरासं फाडायचं, आणि नमुना म्हणून द्यायचा. प्रयोगशाळा म्हणेल, चॉकलेट उत्तम आहे. बाई सुटतील, आपणही सुटू. खूश होऊन तो पेट्रोल पंपावरच्या दुकानात गेला. फळी रिकामी!

"दुपारपासून रीघ लागलीय," दुकानवाली म्हणाली. "प्रत्येकाला तोच बार पाहिजे. आणि पैसे देऊन झाले की दारातच नखाने फाडत बसतात. गावाला झालंय काय?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात टेबलावर बावीस बार रचलेले होते, बावीसही एकाच कोपऱ्यात फाटलेले. "काल टाकला होता, पण शोधल्यावर सापडला," असं सांगत प्रत्येकाने आणून दिलेले. डेप्युटी रस्कचा तर चेहराच खुलला होता. अध्यक्षस्थानी गावचे पाद्री नॉर्डबी गंभीरपणे हात जोडून बसले होते. हॉफस्ट्राबाई त्या ढिगाकडे बघतच राहिल्या.

"एवढे सगळे मी फाडले?" त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

आता मात्र लोवेलला बसवेना. खुर्ची मागे सरकवून तो उभा राहिला. "बाई, तुम्ही काही केलं नाही. आमच्या बारला काही झालं नव्हतं. तो मी खाल्ला. वॉशिंग मशीनमागे उभा राहून."

आता सगळे उठून कबूल करतील, असं लोवेलला वाटलं. सगळे उठले खरे.

"शरम नाही वाटत?" ट्रॉय वेंट गरजला. "स्वतःच्या लेकराच्या तोंडचं खातोस!"

"काय बाप आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. डेप्युटीने मान हलवत वहीत लिहून घेतलं. "एक प्रकरण मिटलं. बावीस बाकी."

शेजारी बसलेली विनी बापाकडे टक लावून बघत होती. "मग मी वर्गात खोटं बोलले?"

"नाही गं, राणी. खोटं मी बोललो. तू माझ्यावर विश्वास ठेवलास."

विनीने आपली खुर्ची दूर सरकवली. लोवेलला सगळ्यांची शिवीगाळ परवडली असती, हे दूर सरकणं परवडेना.

हॉफस्ट्राबाई हळूहळू टेबलापाशी गेल्या. ढिगातून एक बार उचलून त्यांनी उलटापालटा करून पाहिला, आणि तो लोवेलच्या हातात ठेवला. "खरं बोललास. घे."

लोवेलने तो तसाच विनीकडे दिला. विनीने मोडला, मोठा तुकडा स्वतः घेतला आणि छोटा बापाला दिला. "पुढच्या वेळी विचारून खायचं," ती म्हणाली. दोघं तिथेच बसून खाऊ लागली. चॉकलेटाचा वास तळघरभर पसरला. सगळ्यांनी आवंढे गिळले.

ट्रॉय खाकरला. "बाई, म्हणजे तसं बघायला गेलं तर… मीसुद्धा."

"काय मीसुद्धा?"

"खाल्ला. दोन्ही."

बाईंनी त्याला दोन बार दिले. मग काय विचारता! टेबलापुढे रांग लागली. "मी एक!" "मी आणि बायकोने मिळून दोन!" "मी तीन!" एकुलत्या एका पोराचा बापही तीन सांगू लागला. डेप्युटी रस्कने वही बंद केली, टोपी काढली आणि तोही रांगेत शिरला.

"म्हणजे माझे हात धड आहेत तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. "चोर लेकाचे! लोवेल, दुपारी येऊन दिवा लावून जा. पुढच्या वर्षीपासून दोन-दोन देत जाईन, एक पोराला, एक बापाला."

टेबलावर एकच बार उरला तेव्हा रांगेत शेवटी पाद्री नॉर्डबी उभे होते.

"अहो पाद्रीबाबा, तुम्ही इथे कसे?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला तर मूलबाळ नाही."

पाद्रीबाबांनी खाली मान घातली. "म्हणूनच माझं पाप मोठं आहे, बाई. चर्चमधल्या रविवारच्या वर्गाची पोरं काल सगळ्या पिशव्या माझ्याकडे तपासायला देऊन गेली होती."