कौलातला सूर्य

भावजी कौलं फोडून खाली भाताच्या कणगीवर आदळले. कंबर गेली. डोळे उघडून पहिलं विचारलं काय, तर "वहिनी, काच फुटली का?"

काच त्यांच्याच मुठीत होती.

हे माझे धाकटे दीर, पोशीरचे निवृत्त मास्तर. कोठीच्या एका कौलाला भोक पाडून त्यांनी चष्म्याची काच बसवली होती. भर दुपारी खालच्या कागदावर सूर्य उतरायचा, रुपयाएवढा. त्यावरचे काळे डाग ते पेन्सिलीने टिपून घेत.

गाव चेष्टा करायचं. "मास्तर, आज डाग किती? पेरणीआधी शेतात राब भाजू का नको?"

भावजी चिडत नसत. कोणी दोर वळत बसला असला की त्यालाच धरायचे. "सूर्य दगड नाय रं, तापलेल्या वायूचा गोळा हाय. पोट भरभर फिरतं, डोकं-पाय सावकाश. मग आतले चुंबकाचे दोर गुंडाळत जातात. पीळ जास्त झाला की दोर कसा उसळतो? तसा तिथं डाग पडतो."

घरातही तेच. मी ओरडले की "पीळ पडलाय." भाकरी करपली तरी पीळच.

डाग अकरा वर्षांनी पुन्हा भरतात, पण चुंबकाची टोकं उलटी होऊन. पहिल्यासारखी व्हायला बावीस वर्षं. "तेवढं बघू द्या, मग काच काढतो," म्हणायचे.

नेमकं बाविसाव्या वर्षी, पावसाच्या तोंडावर मी कौलं चाळून नीट लावून घेतली. गडी म्हणाला, "आजी, ह्ये भोकाचं कौल गळणार." मी बदलायला लावलं. चूक माझी. ते परत बसवायला भावजी या वयात छपरावर चढले.

आता खाटेवरून म्हणाले, "वहिनी, आजचा सूर्य तुमी काढा."

"मी चौथी शिकलेली."

"भाकरी गोल थापता ना?"

गड्याकडून काच बसवून घेतली. कोठीत बसून सूर्य काढला, डाग काढले. भावजींनी ट्रंकेतला बावीस वर्षांपूर्वीचा पहिला कागद मागवला. अक्षर माझ्या जावेचं, भावजींच्या इंदूचं. क्षयाने याच कोठीत अंथरुणाला खिळलेली असताना तिने तो काढला होता. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस सूर्य मोजतोय.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. एकही डाग जागेवर नव्हता.

"जुळतंय की," मी म्हटलं.

"डाग जुळत नसतात, वहिनी. आतलं चुंबक जुळतं."

तो पहिला कागद काढला त्याच पावसाळ्यात इंदू गेली. भावजी काठीवर आणखी नऊ वर्षं जगले. मी अजून आहे.