सरळ ओढीच्या बंदुकीचा डावा नेम

"ह्या बंदुकीनं मुंगीची मिशी उडवली, तर मुंगीला दुसऱ्या दिशी कळंल," असं जयसिंग नाईक चारचौघांत सांगायचा. सांगण्याआधी आसपास मुंगी नाही, एवढं मात्र बघून घ्यायचा.

लवळ्यात बंदूक एकच, ती त्याची. लढाईहून परतलेला, पलटणीत नाईक झालेला माणूस. पुण्याच्या लष्करातला एक साहेब सत्तेचाळीस साली बाडबिस्तरा गुंडाळून निघाला, तेव्हा त्यानं ही शिकारी रायफल जयसिंगाला बक्षीस दिली. आणि ती काही ऐरीगैरी रायफल नव्हे. बाकीच्या रायफलींची कडी (पलटणीत तिला बोल्ट म्हणत, लवळ्यात कडी) आधी वर उचलायची, मग मागं ओढायची. दारासारखी दोन कामं. हिची कडी उचलायचीच नाही. सरळ मागं ओढायची, सरळ पुढं ढकलायची, झालं. "सरळ वड, सरळ गोळी," हे जयसिंगाचं आणखी एक ठरलेलं वाक्य.

त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता.

साहेब ताडमाड उंच, जयसिंग बेताचा. म्हणून त्यानं खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता करवतीनं कापला. जरा जास्तच कापला गेला, म्हणून त्याच्यामागं टायरचा तुकडा ठोकला. चामडी पट्टा उंदरांनी खाल्ला, तिथं बैलाचा जुना कासरा आला. तिन्हीसांजेला माशी दिसेना. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा बारीक उंचवटा. तिला त्यानं चंचीतला चुना फासला. त्याच्या बायकोचं, गोजराबाईचं, म्हणणं होतं की आता साहेबानं बघितली तर तो ओळखायचा नाही. जयसिंगाचं म्हणणं होतं की साहेबानं बघितली तर तो परत मागायचा.

एवढ्या सुधारणा झाल्या आणि गोळी डावीकडं जायला लागली.


नेम: मडक्यावर.
लागलं: कोंडाजीच्या गोठ्याला.

मडकं बांधावर, गोठा मडक्याच्या डाव्या हाताला बराच लांब. त्यात गुरं नव्हती हे नशीब. कोंडाजीनं कुडाचं भोक बोटानं चाचपलं आणि शांतपणे विचारलं, "नाईक, माझा गोठा डुकरासारका दिसतुय का?"

डुकरांचंच तर सगळं होतं. ओढ्याकाठच्या घाणेरीच्या जाळीतून रानडुकरं यायची आणि पोटऱ्या भरलेली भातखाचरं लोळून सपाट करून जायची. त्या नावावर, पीक राखायला म्हणून, जयसिंगाला परवाना मिळालेला. पण गेल्या कित्येक हंगामांत एकाही डुकराला त्या बंदुकीचा त्रास झाल्याची नोंद नव्हती. कोंडाजी गोठ्याची कागाळी घेऊन पौडला गेला. तिथल्या मामलेदारांनी निरोप धाडला: येत्या सोमवारी स्वतः येतो. मडकं फुटलं तर परवाना पुढं चालू ठेवायची शिफारस करतो. नाही फुटलं तर बंदूक पौडला जमा.

जयसिंगानं निरोप ऐकला आणि जेवणाचं ताट तसंच सरकवलं. पलटण सुटली, साहेब गेला, गुडघे गेले. राहिली होती ती बंदूक. ती गेली की त्याला नाईक म्हणायला गावाकडं काही कारणच उरत नव्हतं.


(इथं गोष्ट सरळ सोमवारवर जायला हवी. पण ती त्या बंदुकीची गोष्ट आहे. आधी थोडी डावीकडं जाणार.)


नेम: मडक्यावर.
लागलं: कळलं नाही. लांब कुठंतरी कावळे उडाले.

उपाय जयसिंगाला पाठ होता. गोळी ज्या बाजूला जाते, माशी त्याच बाजूला सरकवायची. गोळी डावीकडं, तर माशी डावीकडं. माशी खाचेत घट्ट बसलेली असते. एकानं मागून नजर लावायची, दुसऱ्यानं पुढून हलक्या हातानं ठोकायची. दुसरा म्हणून त्यानं चुलतभाऊ बहिरूला बोलावलं. बहिरूच्या हातची औताची रेघ ओळंबा लावल्यासारखी यायची, म्हणून त्याच्यावर भरवसा.

गोळ्या काढल्या. गोजराबाईनं तेवढ्यावर भागवलं नाही. कडीच बाहेर ओढून ओच्यात खोवली आणि मगच बहिरूला नळीपुढं उभं राहू दिलं. बंदूक बाजेवर, बाजेमागं जयसिंग पालथा, समोर तोंड करून बहिरू, हातात हातोडी.

"डावीकडं हान," जयसिंग म्हणाला.

बहिरूनं डावीकडं हाणली. स्वतःच्या.

गोळी मारून बघितली, ती आधीपेक्षा डावीकडं. जयसिंगानं विचार केला, ठोका कमी पडला. "आनखी डावीकडं." बहिरूनं आणखी हाणली. दुसऱ्या गोळीला ते कावळे उडाले.

मग कुठं जयसिंगाच्या डोक्यात उजेड पडला. बहिरूला त्यानं काही सांगितलं नाही. भोळा गडी, समोर उभा राहून आपला डावा हात धरतोय. त्याला समजावत बसण्यापेक्षा उद्या आपणच उलटं सांगावं. उजवीकडं म्हणावं, म्हणजे तो बरोबर डावीकडं मारील. ह्या युक्तीवर तो इतका खूश झाला की रात्री त्याला झोप लागली.

इकडं बहिरूही काळजीत होता. त्यानं गोजराबाईला गाठलं. "वैनी, दादा म्हनतुय तसंच मी करतुय, तरी ती आनखीच बिघडतीया."

गोजराबाईनं दोघांची उभं राहायची तऱ्हा बघितलेली होती. तिनं त्याला गोठ्यात नेऊन जुंपलेली जोडी दाखवली. "ह्यातला डावा बैल कुठला?"

बहिरूनं पवळ्याकडं बोट केलं. डाव्या अंगाला पवळ्या, उजव्याला ढवळ्या, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

"आता फुडं जाऊन त्यांच्या तोंडासमोर हुबं ऱ्हावा. आता डावा कुठला?"

"पवळ्याच की."

"का? आता तर तो तुमच्या उजव्या हाताला हाय."

बहिरू बराच वेळ पवळ्याकडं बघत राहिला. पवळ्याही त्याच्याकडं बघत राहिला. "म्हंजी वैनी," बहिरू शेवटी म्हणाला, "बंदूकबी मागूनच बघायची. बैलागत."

इतकं चोख त्याला आजवर काहीच समजलं नव्हतं.


नेम: मडक्यावर.
लागलं: मारुतीच्या देवळाची घंटा वाजली.

दुसऱ्या दिवशी जयसिंग, मनातल्या मनात हसत, म्हणाला, "उजवीकडं हान." आणि बहिरूनं, मनातल्या मनात पवळ्या-ढवळ्या धरून, चोख उजवीकडं हाणली. ढवळ्याच्या अंगाला. भरपूर.

पुढची गोळी कुठं गेली ते सगळ्या गावाला ऐकू आलं. देऊळ बांधाच्या इतकं डावीकडं होतं, की नेम धरताना जयसिंगाला ते दिसतही नव्हतं. पुजाऱ्यानं आरतीची वेळ झाली समजून दिवा लावला, ते वेगळंच.

रविवार मावळत होता. जयसिंग बाजेवर बंदूक मांडीवर घेऊन बसला. आता माशीला हात लावायचा नाही, त्यानं ठरवलं. बंदूक वाकडी, हे मान्य. पण वाकडी असली तरी एकसारखी वाकडी होती, आणि हे तर खऱ्या बंदुकीचं लक्षण! मग आपण सरळ कशाला राहायचं? गोळी जेवढी डावीकडं जाते तेवढा नेम उजवीकडं धरायचा. बांधाच्या उजव्या हाताला तेवढ्याच अंतरावर जांभळीचं झाड होतं. त्याच्या आडव्या फांदीला आग्यामोहोळ लटकलेलं, काळं, सुपाएवढं. नेमाला तेच सोयीचं. मोहळावर नेम धरला की गोळी वळून मडक्यात.

त्यानं हा बेत कुणाला सांगितला नाही. मामलेदारांना तो डावपेच वाटू नये, म्हणून.

बहिरूनंही आपला बेत कुणाला सांगितला नाही. आपल्या हातून दादाची बंदूक जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. सोमवारी सकाळी जयसिंग ओढ्यावर अंघोळीला गेलेला बघून त्यानं हातोडी घेतली, बंदुकीच्या मागं उभा राहिला, पवळ्याचं नाव घेतलं आणि माशी हळूहळू डावीकडं ठोकत आणली. ती मन भरेल अशी मधोमध दिसेपर्यंत. वर ताजा चुना लावला.


नेम: आग्यामोहळावर.
लागलं: आग्यामोहळाला.

मामलेदार जीपमधून आले. पुण्याकडचे, पांढऱ्या पँटीतले, बोलायला सौम्य. आधी त्यांनी बंदूक हातात घेतली आणि कडी वर उचलायला गेले. ती उचलेना. जोर लावला. तरी नाही. त्यांनी जयसिंगाकडं दयेनं बघितलं आणि म्हणाले की ही गंजलीय.

"नुसती वढा, साहेब. सरळ."

मामलेदारांनी नुसती ओढली. कडी लोण्यातनं सुरी यावी तशी मागं आली. साहेबांनी ती दोनदा मागंपुढं केली, मग आणखी एकदा, आणि त्यांचा चेहरा खुलला. जयसिंगाला वाटलं, निम्मं काम झालं. त्यांनी टायरच्या तुकड्यावर बोट फिरवलं, कासऱ्याकडं बघितलं, माशीवरचा चुना बोटाला लागला तो रुमालाला पुसला. ह्या सगळ्या सुधारणा कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. जयसिंग छाती काढून म्हणाला, "समद्या माज्याच."

गाव मागं उभं राहिलं. कोंडाजी तर गोठ्याच्या दारातच उभा राहिला, की काय व्हायचं ते आपल्यासमोर व्हावं. जयसिंग गुडघ्यावर बसला. मामलेदारांच्या लक्षात आलं की नळी मडक्याकडं नाही. त्यांनी तसं विचारलंही. जयसिंग म्हणाला, "बगाच, साहेब." श्वास रोखला. पांढरी माशी काळ्या मोहळाच्या मधोमध बसवली आणि घोडा दाबला.

बंदूक मिळाल्यापासून गोळी कधी इतकी सरळ गेली नव्हती.

मोहोळ दुभंगलं. क्षणभर काहीच झालं नाही; मग जांभळीतून एक काळा पदर उठला आणि गावावर पसरला. कोंडाजी गोठ्यात शिरला आणि आतून दार ओढून घेतलं. साहेबांबरोबर आलेला शिपाई जीपखाली गेला. गोजराबाईनं पोरीबाळींना घरात लोटून गोवऱ्यांचा धूर केला. मामलेदार मात्र नवखे. ते उताराला लागले आणि थेट ओढ्यात जाऊन बसले. नाकापर्यंत.

माश्या त्यांच्या मागोमाग ओढ्यावर आल्या. साहेब पाण्यात सापडेनात, म्हणून त्या शेजारच्या घाणेरीच्या जाळीत घुसल्या.

जाळी हलली.

आधी एक मोठा सुळेवाला आला. मागोमाग माद्या, मागोमाग पिलं, केकाटत, एकमेकांवर आदळत, मामलेदारांच्या दोन्ही अंगांनी, एक तर डोक्यावरून. पाणी उडालं, चिखल उडाला. सगळा कळप ओढा ओलांडून डोंगराला लागला तेव्हा साहेबांची टोपी त्याच्याबरोबर गेली होती.


मामलेदारांना जयसिंगाच्या पडवीत धुरात बसवलं. गोजराबाई त्यांच्या कपाळातले काटे काढत होती. त्यांचा एक डोळा सुजून पुरता मिटलेला. बाजूला बहिरू खाली मान घालून उभा. जयसिंगानं बंदूक आणि उरलेल्या गोळ्या साहेबांच्या पायाशी आणून ठेवल्या. काय होणार ते त्याला कळून चुकलं होतं. कासरा मात्र त्यानं सोडून घेतला; तो पवळ्याचा होता.

"दादा," बहिरू पुटपुटला, "सकाळी माशी मीच सरळ केली."

जयसिंगानं त्याच्याकडं बघितलं. रागवायला तोंड उघडलं आणि मग त्याच्या लक्षात आलं ते भलतंच. "म्हंजी मी नेम धरला हुता, तितंच लागली?"

"व्हय."

"आगदी तितंच?"

"तुमी गप बसा," गोजराबाई म्हणाली. "साहेब काय तरी म्हनत्यात."

मामलेदारांचे ओठ सुजले होते. शब्द सावकाश येत होते. "नाईक, डुकरं आहेत."

"हायेत, साहेब."

"मला खरं सांगायचं तर वाटत होतं, बंदूक ठेवायची म्हणून तुम्ही डुकरं सांगता. आज एक माझ्या डोक्यावर पाय देऊन गेलं." त्यांनी उघडा डोळा बंदुकीकडं वळवला. "ही उचला. परवान्याची शिफारस मी करतो. पण अट आहे. डुकरं आली की बार काढायचा, आवाज करायचा, हाकलून लावायची. नेम धरायचा नाही."

जयसिंगाचा हात सलामासाठी अर्ध्यावर आलेला, तिथंच राहिला. "साहेब, आज पयल्यांदा गोळी नेम धरला तितं लागली."

"तेच म्हणतोय मी."

"मग मारायची कुटं?"

साहेबांनी पडवीबाहेर वर बोट केलं. "ते दिसतंय ना, निळं? तिकडं."

गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. काटा काढताना तिचा हात हलला आणि साहेब कळवळले.


नेम: आभाळावर.
लागलं:

तो हंगाम संपेपर्यंत डुकरांनी लवळ्याची खाचरं बघितली नाहीत. तिन्हीसांजेला जयसिंग बांधावर उभा राही, कडी सरळ ओढी, सरळ ढकली आणि एक बार काढी. मग सारं शिवार शांत. भात पिवळं झालं, कापलं, झोडलं. कोंडाजी नव्या भाताचे पोहे कांडून जयसिंगाकडं घेऊन आला. बसला, पान लावलं, आणि गोठ्याचं भोक मनात धरून, पण वरकरणी अगदी साधेपणानं, विचारलं, "मग नाईक, नेम कसा हाय आता?"

जयसिंगानं पोह्यांचा बकाणा भरला, चावला, गिळला.

"साहेबांनी निशाण दिल्यापासून," तो म्हणाला, "एकबी चुकला न्हाई."