परबसाहेब रजा तपासतात

नोकरीतली पहिली रजा मी रॉकेलच्या रांगेत घालवत होतो. ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर, भर दुपारचं ऊन, हातात डबा. एवढ्यात पाठीवर पंजा पडला. वळून बघतो तर आमचे फोरमन, परबसाहेब! मला घामच फुटला. वास्तविक रजा रीतसर मंजूर होती.

"रजा घेऊन हे धंदे करतोस? घरी जाऊन झोप," ते म्हणाले. डबा हिसकावला आणि माझ्या जागी स्वतः रांगेत उभे राहिले. तासाभराने भरलेला डबा घेऊन आमच्या दारात हजर. आई अवाक, मी तिच्याहून अवाक.

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या कारखान्यात कळलं, की हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. बाकीचे साहेब कामावर झोपणाऱ्याला पकडतात, हे रजेवर राबणाऱ्याला. पहिली पाळी सुटली की ज्याची रजा असेल त्याच्या घरी थडकायचे. मोटर तापली का बघताना तिच्यावर ठेवतात तसा पाठीवर पंजा ठेवायचे आणि म्हणायचे, "तापलंय रे. थंड होऊ दे." एक जण रजेत घराला रंग देताना सापडला, तर त्याला खाटेवर बसवून साहेबांनीच अर्धी भिंत रंगवली. फार वाईट रंगवली.

ओरडल्याशिवाय कामगार हलत नाही, असं मॅनेजरचं ठाम मत. परबसाहेब कधी ओरडले नाहीत, आणि काम अडलं की आमच्या खात्यातली माणसं पाळी सुटल्यावरही न सांगता थांबायची. ह्याचं कारण मॅनेजरला कधी उमगलं नाही. मलाही उशिराच उमगलं.

स्वतः साहेब वर्षातून एकच रजा घ्यायचे. आदल्या दिवशी फळ्यावर खडूने लिहायचे, 'उद्या मी रजेवर.' खाली भांडुपचा पत्ता, खोली नंबरसकट, स्टेशनपासून कसं यायचं तेसुद्धा. आम्ही दरवर्षी पोट धरून हसायचो. साहेबाची रजा तपासायला कोण जाणार?

एका वर्षी त्या दिवशी कळलं, की हत्यारांच्या कपाटाची किल्ली साहेबांबरोबर घरी गेलीय. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. मॅनेजरने मला पिटाळलं.

खोलीचं दार सताड उघडं. बायकोमुलं गावी, मालवणकडे, हे ऐकून माहीत होतं. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच बसले होते.

"इलंस? तपासूक इलंस मा?" त्यांनी विचारलं. कामावर ते गावची बोली कधी बोलत नसत.

मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणवेना.

समोर दोन ताटल्या मांडलेल्या, घावणे कधीचे गार झालेले. दुसऱ्या ताटलीशेजारी किल्ली ठेवली होती, पुसूनबिसून. म्हणजे साहेब ती विसरले नव्हते. मला धक्का बसला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. दरवर्षी हा माणूस पत्ता लिहीत होता आणि आम्ही तो वाचून हसत होतो.

किल्लीला मी हात लावला नाही. धीर करून त्यांच्या पाठीवर पंजा ठेवला.

"तापलंय, साहेब. थंड होईपर्यंत बसतो मी."

ते डोळे पुसत चहाचं आधण ठेवायला उठले. मी त्यांना खांदे धरून खाली बसवलं आणि आधण मीच ठेवलं.