भिंतीवरची मेजवानी

निर्णय तसा छोटाच होता. लातूरच्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीला ओल आली होती, ती झाकायची होती. बस्स. ओलीचा डाग रोज थोडा थोडा पसरत अलीकडे आफ्रिका खंडासारखा दिसू लागला होता.

"सोमवारी औशाचे मलप्पा येणारेत," आमची ही म्हणाली. हिचं नाव नीलाबाई. "ती भिंत बघून ते म्हणतील, ज्यांना घर सांभाळता येईना ते नातं काय सांभाळतील?"

मलप्पा म्हणजे औशाच्या धान्यबाजारातले मोठे आडते. त्यांचा नातू रुद्रेश आणि आमची नात सुकन्या यांनी पुण्यात नोकरी करता करता आपसात सगळं ठरवून टाकलं होतं. मुलाचे आईवडीलही राजी होते. राहिला होता तो फक्त मलप्पांचा होकार, आणि त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात चहासुद्धा चुलीवर चढत नाही, असं ऐकून होतो. सुकन्या फोनवर एवढंच म्हणाली, "आजोबा, प्लीज, काही करू नका."

शहाण्या माणसानं गवंडी बोलावला असता. पण मी डॉक्टरेट केलेला माणूस आहे. (विषय : जुन्या इंग्रजी चित्रांतला शहरी जीवनाचा उपहास. नांदेडच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. आधीही विचारत नसत.) मी ठरवलं, ओलीवर असंच एक जुनं चित्र लावायचं. अस्सल कुठून आणणार? नांदेडचा बजरंग पेंटर पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून तो जुन्या विलायती चित्रांच्या हातानं रंगवलेल्या नकला करून देतो. पुस्तकातलं एक चित्र त्याला पाठवलं.

चित्र आलं आणि बजरंगनं ते स्क्रू मारून भिंतीवर ठोकलं. आफ्रिका गायब! लंडनमधल्या बड्या लोकांची मेजवानी होती ती. एक लठ्ठ गृहस्थ ताटातच गाल टेकवून झोपलेले. दुसरा स्वतःच्याच टोपीत दारू ओतणारा. मध्ये भाजलेलं बदक. आणि कोपऱ्यात एक वाळका, टकला म्हातारा बोट वर करून भाषण देतोय, कुणी ऐकत नाही आणि त्याचं ताट कुत्रं चाटतंय.

ही पदर तोंडाला लावून उभी राहिली. "अहो, लिंगायताच्या घरात दारू?"

"अगं, हा उपहास आहे. चित्र दारूच्या विरोधातलंच आहे."

"मग विरोधाला बाटली कशाला पायजे?"

(इतकी वर्षं शिकवलं, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. उत्तर अजून शोधतो आहे.)

"सर, टेन्शन नका घेऊ," बजरंग म्हणाला. "बाटलीचा तांब्या करतो. हाय काय अन् न्हाई काय!"

तांब्या झाला. मग हिला बदक खुपलं. बदकाच्या जागी गव्हाच्या हुग्गीचं, म्हणजे खिरीचं, पातेलं आलं. मग ही म्हणाली, "हे गडी बायकांचे केस लावून का बसलेत?" केसांच्या टोपांचे फेटे झाले. फेट्याखाली गुळगुळीत चेहरे बरे दिसेनात, म्हणून मिशा आल्या. कपाळं मोकळी वाटली म्हणून बजरंगनं आपल्याच मनानं फेटेवाल्यांना विभूतीचे पट्टे ओढले. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. (मान डोलावूनच मी विभागप्रमुख झालो होतो.)

सोमवारी सकाळी बजरंगनं शेवटचा ब्रश फिरवला. मी चष्मा पुसून लांबून पाहिलं, मग पुन्हा पुसला.

ताटात गाल टेकवून घोरणारा तो लठ्ठ गृहस्थ... फेटा, पांढऱ्या मिशा, विभूती... हुबेहूब सुकन्यानं पाठवलेल्या फोटोतले मलप्पा!

"बजरंग! हे काय केलंस?"

"मी काय केलं? आपल्याकडं जाड माणसाला फेटा-मिशा-विभूती दिली की तो आडत्याच होतो, सर."

"काढ! खाली काढ!"

"मागची ओल दिसंल की! अन् कापड टाकू नका, रंग ओला हाय."

तेवढ्यात बेल वाजली.

मलप्पा आले, मागून त्यांच्या पत्नी गुणाबाई. मी लगबगीनं त्यांना चित्राखालच्या सोफ्याकडे नेलं, म्हणजे चित्राकडे पाठ होईल. "नको, पंख्याखाली बसतो," म्हणत ते बरोबर समोरच्या खुर्चीत बसले. पोह्यांची बशी हातात घेतली, चमचा तोंडाशी नेला आणि नजर वर गेली. चमचा तिथंच थांबला.

मला सुकन्याचा चेहरा दिसू लागला.

मलप्पा उठले. चित्राजवळ गेले. "सर, ह्यातला एक माणूस म्या वळखला."

"क... कुठला?"

त्यांचं बोट झोपलेल्या गृहस्थावर आलं. मी डोळे मिटले.

"ह्यो न्हाई. ह्यो तर आमच्या शेजारचा आडत्या. पंगतीत असाच घोरतो." (गुणाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.) बोट कोपऱ्यात सरकलं. "ह्यो! हे तुम्हीच न्हाई का? बोट वर करून भाषण द्यायलेत, कुणी ऐकंना, अन् कुत्रं ताट चाटायलंय! लई झ्याक!"



"जो माणूस आपलीच फजिती भिंतीवर टांगतो," मलप्पा माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "त्याच्या घरात लपवाछपवी नसणार. आमच्याकडून होकार. सोयरीक पक्की."

(त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आफ्रिका लपलेली होती.)

पाहुणे गेल्यावर मी बजरंगला धरलं. "माझं तोंड काढायला तुला कुणी सांगितलं?"

"आईशप्पथ, सर! त्या एकाला म्या ब्रशसुद्धा लावला न्हाई. पुस्तकात हाय तसाच हाय. बाईंनी सगळ्यांत चुका काढल्या, पण त्याच्याकडं बघून म्हणाल्या, 'ह्याला राहू दे, घरातलाच वाटतोय.'"

मी पुस्तक उघडून पाहिलं. शेकडो वर्षांपूर्वी, लंडनमध्ये, मी होतो.

हा निव्वळ योगायोग आहे, उपहासचित्रात व्यक्ती नसते, प्रवृत्ती असते, हे मी बजरंगला आणि हिला नीट समजावून सांगू लागलो. मुद्दा रंगात आला तेव्हा लक्षात आलं की बजरंग नांदेडच्या बसला गेलाय आणि ही स्वयंपाकघरात सुकन्याशी फोनवर हसतेय. खोलीत मी एकटाच होतो, बोट वर करून. आणि माझ्या पोह्यांत शेजाऱ्यांच्या मांजरानं तोंड घातलं होतं.