चांदमारीवरची पंगत

धोंडूतात्यांनी पंगत बसवली नाही अशी जागा आमच्या गावात उरली नव्हती. शेवटी त्यांनी ती पलटणीच्या चांदमारीवरही बसवली. पानं नाहीत, भात नाही, वरण नाही. समोर उघडा माळ, त्यावर सकाळभर बंदुका वाजलेल्या, आणि गवतात विखुरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. त्या वेचायला आलेली तीस-चाळीस माणसं मांडी घालून रांगेत बसलेली, आणि रांगेसमोर उपरणं कमरेला बांधून तात्या येरझाऱ्या घालताहेत, हा देखावा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. मी तेव्हा तिथे शाळामास्तर होतो. मास्तराने खोटं सांगू नये, निदान सगळ्यांसमोर तरी.

तात्या पंचक्रोशीचे वाढपी. खालापूरच्या अलीकडे-पलीकडे लग्न असो, बारसं असो की तेराव्याचं जेवण, तात्या आल्याशिवाय पानं मांडत नसत. मीठ कुठे, चटणी कुठे, मानाचा पाहुणा कुठे, सगळं त्यांच्या डोक्यात. जरा गडबड झाली की ते थबकायचे आणि विचारायचे, "पंगत हाय का लूट हाय?" या प्रश्नाचं उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. आणि त्यांचा मुख्य कायदा हा की, शेवटच्या म्हाताऱ्याचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. एकदा एक फौजदारसाहेब घाईत उठायला निघाले, तर तात्यांनी त्यांच्या पानात भाताची आणखी एक मूद ठेवली आणि "अन्न टाकून जाऊ नये, सायब" म्हणत समोर उभे राहिले. फौजदारसाहेब बसले. तात्या स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून चुलीपाशी बसून उरलंसुरलं खात. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, तेव्हा घरी चूल पेटली काय अन् न पेटली काय.

मग लढाई आली. धान्य रेशनवर गेलं. लग्नात पाहुणे किती जेवू घालायचे याचाही हुकूम निघाला. मोजक्या माणसांच्या जेवणाला वाढपी हवाच कशाला? तात्यांवर उपासाची नाही, पण रिकामपणाची पाळी आली. ते माझ्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि मधल्या सुट्टीत पोरांनी डबे कसे खावेत हे त्यांना शिकवायचे. मी जेरीस आलो होतो.

अशात पलटणीने डोंगराच्या पायथ्याशी चांदमारी आखली. नेम धरायचा सराव चाले तोवर काठीवर लाल बावटा असे. सराव संपला की शिपाई हाताशी पडलेल्या पुंगळ्या पोत्यात भरून नेत. लांब उडालेल्या, गवतात लपलेल्या राहत, त्या गावाच्या. बाजारात पितळ औषधालाही मिळत नव्हतं, त्यामुळे बावटा अर्धा उतरतो न उतरतो तोच सारा गाव माळावर तुटून पडे. केस ओढाओढी, शिव्या, एकाच पुंगळीला दोन हात. भिक्या कदमाने एक तापलेली पुंगळी थेट तोंडात लपवली आणि मग तीन दिवस पेजेवर काढले.

हे ऐकून तात्या दुसऱ्या दिवशी माळावर गेले. गर्दीकडे पाहिलं आणि आपला प्रश्न विचारला. आश्चर्य असं की गर्दी थांबली. इतक्या वर्षांची सवय होती.

त्या दिवसापासून चांदमारीवर पंगतीचा कायदा लागू झाला. बावटा पूर्ण खाली येईपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. मग "पुंडलिक वरदा" म्हणायचं, आणि मगच हात लावायचा. शेजाऱ्याच्या पुढ्यातलं उचलायचं नाही. म्हाताऱ्यांनी आणि पोटुशी बाईने आधी सुरुवात करायची. गरम असेल तर फुंकून घ्यायचं, "गरम वाढलं म्हून काय पान टाकून पळतो का मानूस?" रिकाम्या पुंगळीवर ओठ धरून शीळ घालणाऱ्यांना ते म्हणायचे, "पानावर बसून शीळ घालतोस? आईनं हेच शिकिवलं का रं?" डाव्या हाताने वेचायला सक्त मनाई. पांडू डावखुरा होता, त्याला उजव्या हाताने वेचायला इतका वेळ लागे की शेवटी रांगेतले लोकच त्याच्या पिशवीत चार-चार पुंगळ्या टाकून मोकळे होत. आणि न उडालेलं जिवंत काडतूस दिसलं तर त्याला तात्या 'कच्चं' म्हणत. "कच्चं खायचं नाय. कच्चं दिसलं की लांब व्हायचं आन् हवालदाराला हाक मारायची."

हा हवालदार साताऱ्याकडचा, मोठ्या मिशांचा. त्याला तात्या फार आवडले. "आमच्या पलटणीत असता तर तुमाला सुभेदार केलं असतं," तो म्हणाला. तात्यांना राग आला. सुभेदार वाढपी नसतो, असं ते मला परतताना दोनदा म्हणाले.

तात्या स्वतः सगळ्यात शेवटी वेचत. सगळे पिशव्या भरून गेले की हे वाकून गवत चाचपत फिरायचे. मिळून मिळून चार-सहा पुंगळ्या मिळायच्या. त्या पुंगळ्यांचं ते काय करतात याबद्दल गावात बऱ्याच थापा होत्या. एकदा मी कर्जतच्या बाजारात निघालो होतो, तर तात्याही पिशवी घेऊन बरोबर आले आणि थेट ओताऱ्याच्या दुकानात शिरले. ओताऱ्याने आतून एक समई आणून दाखवली. पुंगळ्या वितळवून ओतलेली, नुकती घासलेली, सुरेख.

"दुसरीला पितळ कमी पडतंय, तात्या," ओतारी म्हणाला. "निम्मं तरी आनखी आना."

परतीच्या वाटेवर कोसभर चालल्यावर तात्या बोलले. कशेळ्याच्या बाजूला दिलेली त्यांची एक धाकटी बहीण होती, चंद्रा. तिच्या लग्नात तात्यांचे म्हातारे वडील अजून जेवत होते, आणि मुलाकडची मंडळी पानांवरून उठली. तात्यांनी त्यांना भर मांडवात झापलं. व्याही भडकले. पोरीची पाठवणी झाली ती भांडणातच, आणि या माणसाने आमचा उंबरा चढायचा नाही, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं. वीस वर्षं भाऊबीज नाही.

"चंद्रीचा सासरा गेला आता," तात्या म्हणाले. "चंद्रीच्या पोरीचं लगीन निघालंय. बोलावनं आलंय मला. मामानं रिकाम्या हातानं कसं जावं, मास्तर? आन् एक समई कोन देतं? जोडी पायजे."

"मग तुम्ही आधी वेचा ना," मी म्हणालो. "नाहीतर लोकांना सांगा."

"पंगतीत मागत नसतात," तात्या म्हणाले, आणि झपाझप पुढे चालू लागले. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. कायद्यापायी एकदा बहीण गेली होती, आता तोच कायदा परत आडवा येत होता.

लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि बातमी आली की पलटण हलणार, चांदमारी बंद. एकच दिवस सराव उरला होता. मी शाळेशेजारच्या गोदाकाकूंना सगळं सांगून टाकलं. गोदाकाकूंना सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नसे.

शेवटच्या दिवशी बावटा उतरला. "पुंडलिक वरदा" झालं. "चला, करा सुरुवात," तात्या म्हणाले. कुणी हललं नाही.

"आज तुमी आधी बसायचं, तात्या," गोदाकाकू म्हणाल्या.

"वाढपी आधी बसत नाय."

"मग ऱ्हाऊ द्या पितळ तसंच गवतात. आमाला घाई नाय."

तात्यांनी रांगेवरून नजर फिरवली. भिक्यासुद्धा हाताची घडी घालून बसला होता. शेवटी ते वाकले आणि वेचू लागले. चाळीस माणसं आपल्याकडे पाहताहेत म्हणून ते इतके गडबडले की पुंगळ्या पिशवीऐवजी बाहेरच पडत होत्या. त्यांची पिशवी भरल्यावरच रांग उठली.

लग्नाला मी आणि गोदाकाकू त्यांच्याबरोबर गेलो, एकेक समई घेऊन. चंद्राबाईंनी समया घेतल्या, भावाच्या पाया पडल्या. बोलणं असं काही झालं नाही. तात्या मामा म्हणून मुलीच्या मागे ताठ उभे राहिले, अक्षता पडल्या, आणि मग जेवणं. मानाच्या रांगेत तात्या, त्यांच्या बाजूला मी. वाढण्यात तीन चुका झालेल्या मलाही दिसल्या. तात्यांनी एकही काढली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना वाढत होतं, आणि ते हळूहळू, एकेक शीत वेचून जेवत होते.

तेवढ्यात मुलाकडची चार पोरं पाणी पिऊन उठली. त्यांच्यामागे तात्या आणि मी सोडून आख्खी रांग उठली. तात्यांचा भात पानावर निम्मा तसाच होता.

मी हातातला घास पानावर ठेवला. चंद्राबाई भाताची परात घेऊन समोरच होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. मांडवात बोहल्याजवळ नवी नवरी उभी होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

तात्या निमूट उठले.

"झालं माजं," ते म्हणाले. "लांब जायचं आसंल पोरांना."

"भात ऱ्हायलाय तुजा, दादा," चंद्राबाई म्हणाल्या. "बस."

"उठलेला मानूस परत पानावर बसत नसतो, चंद्रे."

"बस रं."

तात्या बसले. चंद्राबाई परात खाली ठेवून पानासमोर बसल्या आणि भात वाढू लागल्या. तात्यांनी नको म्हटलं नाही. उठलेल्या रांगेत ते एकटेच जेवत होते, आणि बहीण पदराने डोळे पुसत मधूनच वरण घालत होती.

गोदाकाकूंनी मागून माझी बाही ओढली. माझ्याही पानावर अजून बराच भात होता, पण मी उठलो आणि हात धुवायला गेलो.