गेटचा तास आणि केरूची जीप

"इंग्रजीला फक्त एक क्रियापद लागतं. गेट! बाकी सगळी नुसती गर्दी!"

हे वाक्य रविराज सर गेल्या सहा महिन्यांत निदान सहाशे वेळा बोलले असतील. नाशिकला द्वारकेजवळच्या एका क्लासमध्ये ते मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवत. त्यांचा सिद्धांत साधा होता. गेटला अप लावा, माणूस अंथरुणातून उठतो. इन लावा, आत जातो. अवे लावा, पळून जातो. ओव्हर लावा, दुखण्यातून सावरतो. "एक गेट आणि दहा शेपट्या! शेपटी बदलली की जनावर बदललं!" असं म्हणून ते खडू असा भिरकावत, की पहिल्या बाकावरची निकिता सवयीने मान खाली घाली.

क्लासच्या संचालिका सरिता मॅडम दोन नव्या शाखा काढणार होत्या. एक गंगापूर रोडला, दुसरी सिन्नरला. गंगापूर रोडची शाखा सरांना हवी होती. हवी म्हणजे काय, मनातल्या मनात त्यांनी तिथल्या खुर्चीला गादीसुद्धा शिवून घेतली होती! चांदवडच्या सासऱ्यांना तसं कळवून झालं होतं, आणि सासऱ्यांनी ते कांदा मार्केटात लिलावाच्या आवाजात जाहीर केलं होतं. आता माघार नव्हती. सिन्नरचा विषय निघाला की मात्र सरांचा हात कमरेवर जाई. "मॅडम, माझ्या कमरेला जीप सोसत नाही हो!" गंमत म्हणजे बाकीच्या चार शिक्षकांच्या कमराही त्याच आठवड्यात धरल्या होत्या.

मॅडम रविवारी दहा वाजता तास बघायला येणार होत्या आणि मग काय ते ठरवणार होत्या.

"साधं फळ्यावर शिकवा," हर्षालीने, म्हणजे सरांच्या बायकोने, सुचवलं.

"फळ्यावर? पोहायला काय फळ्यावर शिकवतात?"

"मग न्या सगळ्यांना आणि टाका पाण्यात!"

हर्षालीच्या जिभेवर काळा तीळ आहे, हे सरांना नेहमी उशिरा आठवायचं.

रविवारी सर सातही विद्यार्थ्यांना घेऊन थेट जीपस्टँडवर हजर झाले. मॅडमना निरोप गेला होता, 'आजचा तास जीपस्टँडवर, प्रत्यक्ष वाहनात.' सिन्नरकडे तोंड करून एक काळी-पिवळी जीप उभी होती. आत तीन प्रवासी तासाभरापासून घामाघूम बसले होते. त्यातल्या कुसाबाई पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होत्या. बाहेर ड्रायव्हर केरू चहा पीत होता.

"भाऊ, आम्ही जरा बसू का आत?" सरांनी विचारलं.

"बसा की! बसायलाच उभी हाय!" केरूचा चेहरा असा उजळला, की सरांना वाटलं, शिक्षणाची केवढी ही आवड!

"चला! वर्गात मराठी बंद!" हा नियम अर्थात विद्यार्थ्यांना होता. "गेट इन!"

सातजण आत घुसले. शेवटी सर मागच्या फळीवर ललितच्या मांडीला मांडी लावून टेकले. ललितला सिन्नरच्या कारखान्यात मुलाखत द्यायची होती, म्हणून तो प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेत असे. त्याने 'गेट इन' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

केरूने बाहेरून मागचं दार दाणकन लावलं, कडी घातली आणि गाडी सुरू केली.

"बघा! ड्रायव्हरसुद्धा आपल्या पद्धतीत सामील झाला! गाडी सुरू होणं, म्हणजे गेट गोइंग!"

गाडी हलली. सर आणखीनच खूश झाले. गाडी चौकात आली. समोरून स्कूटीवर सरिता मॅडम येत होत्या. त्यांनी आश्चर्याने हात वर केला. सात विद्यार्थ्यांनी खिडक्यांतून तितक्याच प्रेमाने हात हलवले, आणि मॅडम मागे पडल्या.

"सर," निकिता म्हणाली, "वुई आर गेटिंग अवे!"

"शाब्बास! अगदी बरोबर!" सर म्हणाले, आणि मग त्यांना उमगलं. "अहो! अहो ड्रायव्हर! आम्ही प्रवासी नाही!"

"आँ?" पुढून केरू ओरडला. गाण्याचा आवाज मोठा होता. "सर, तुम्ही देवासारखे आले! तासभर तीन शिटांवर उभा होतो. गाडी भरली का निघायची, धंद्याचा नियमच हाय!"

तोवर गाडी नाशिकरोडच्या उड्डाणपुलावर चढली होती. पुलावर थांबणार कोण?

पूल उतरताना ललितने धीर एकवटला. "ड्रायव्हर, वुई वाँट टू गेट डाऊन!"

केरूचा पाय ब्रेकवर गेलासुद्धा होता. इथे सर गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गप्प बसतील ते सर कसले!

"चूक! गेट डाऊन नाही! बसमधून उतरताना गेट ऑफ, कारमधून उतरताना गेट आउट!"

"मग जीपमधून?" निकिताने विचारलं.

सहा महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "आता बघा, आकाराने ही कार आहे. म्हणून आउट."

"पण सर, भाडं शिटावर आहे," ललित म्हणाला. "म्हणजे बसच झाली. ऑफ."

वर्गाचे दोन तट पडले. इकडून आउट, तिकडून ऑफ! मागे भांडणं लागली की लक्ष द्यायचं नाही, हा केरूचा दुसरा नियम. त्याने ब्रेकवरचा पाय काढला. पळसे गेलं, शिंदे गेलं, मोहदरीचा घाटही गेला. मॅडमचा फोन तीनदा वाजला; पण सरांचा खिसा ललितच्या मांडीखाली होता. गंगापूर रोडची गादीची खुर्ची सरांच्या डोळ्यांसमोरून दूरदूर जात होती, आणि ते मात्र आउट की ऑफ यात अडकले होते!

एव्हाना कुसाबाईंची झोप पार उडाली होती. "आवं मास्तर, येवढं भांडन्यापरीस 'थांबव रे' म्हना की!"

सर पुढे वाकून ओरडले, "थांबव रे भाऊ!"

केरूने ताबडतोब गाडी थांबवली. सिन्नरचं स्टँडच आलं होतं.

सर उतरले. आउट का ऑफ कुणास ठाऊक, कमरेवर हात ठेवून उतरले. फोन चौथ्यांदा वाजला.

"सर, आहात कुठे?"

"मॅडम, त्याचं असं झालं... सिन्नरला."

सरांना सासऱ्यांचा चेहरा दिसला, त्यामागे अख्खं कांदा मार्केट दिसलं.

"कमाल आहे सर तुमची! एकही शिक्षक सिन्नरचं नाव काढू देत नाही, आणि तुम्ही अख्खा वर्ग घेऊन स्वतःहून पोचलात! ठरलं तर मग. सिन्नरची शाखा तुमची!"

"पण मॅडम, माझी कंबर..."

"रोज अप-डाऊन केलं की होते सवय!"

सरांनी फोन खिशात ठेवला. अप मिळालं होतं, डाऊन मिळालं होतं. गेट तेवढं गंगापूर रोडला राहिलं होतं.

"चला, परत चला," ते केरूला म्हणाले.

"नेतो की. पर अकरा शिटा लागत्यात सर. तुम्ही आठ. तीन आले का लगेच!"

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. ऊन तापलं. शेवटी इंग्रजीचे सर स्टँडच्या मधोमध गेले आणि तोंडाशी हात धरून, कांद्याच्या लिलावालाही मागे टाकील अशा आवाजात ओरडू लागले, "नाशिक, नाशिक, नाशिक! तीन शीट, तीन शीट! चला, लगेच निघाली!"

जीपच्या खिडकीतून निकिताने डोकं बाहेर काढलं.

"सर, वर्गात मराठी बंद आहे ना?"

"तास संपला," सर म्हणाले, आणि पुन्हा ओरडू लागले.