खिडकीवाला कॅमेरा

सुकेशनी कधी चुकीची वस्तू विकत घेत नाही, असं गारखेड्यात तिच्या सोसायटीतले सगळे मानतात. खुद्द सुकेशनीला तर त्याबद्दल शंकाच नव्हती! ज्युनिअर कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवते. साधा मिक्सर घ्यायचा तरी आधी त्याच्या मोटारीची कुंडली मांडते. त्यामुळे तिने कॅमेरा घ्यायचं ठरवलं तेव्हा नवरा हनुमान पेपरात तोंड खुपसून बसला.

"फोनमध्ये कॅमेरा आहे की," एवढंच तो पुटपुटला.

"तुमच्या फोननं आईंचं गोंदण पुसलं!"

हे मात्र खरं होतं. सासूबाई, म्हणजे पिशोरच्या बानाबाई, जन्मभर मेंढरांमागे उन्हात फिरलेल्या. चेहरा नांगरलेल्या रानासारखा, हनुवटीवर हिरवं गोंदण. दिवाळीत हनुमानने फोनवर त्यांचा फोटो काढला, तर फोनने कुणाला न विचारता सुरकुत्यांवर इस्त्री फिरवली, गोंदण डाग समजून धुतलं आणि गालांना लाली लावली. बानाबाईंनी तो फोटो बराच वेळ न्याहाळून विचारलं होतं, "चांगली हाय. कोनाची सून म्हनायची ही?"

तेव्हाच सुकेशनीने ठरवलं, सासूबाईंचा एक खराखुरा फोटो काढायचा.

कॅमेऱ्यासाठी तिच्या अटी पक्क्या होत्या. तो तंबाखूच्या डबीसारखा लहान हवा. मोठं धूड पाहिलं तर सासूबाई उठून जातील. डोळा लावून बघायची खिडकी हवी. पिशोरच्या उन्हात पडद्यावर फक्त आपलंच तोंड दिसतं. आणि उजेड, वेग, फोकस सगळं हाताने ठरवता आलं पाहिजे. यंत्राने स्वतःची अक्कल चालवायची नाही!

असा कॅमेरा शोधणं म्हणजे सरकारी नोकरीतलं, गावातच राहणारं आणि न घोरणारं स्थळ शोधणं. लहान सापडला तर त्याला खिडकी नसायची. खिडकी सापडली तर खाली पाट्याएवढा कॅमेरा लटकलेला असायचा. शेवटी गुलमंडीजवळच्या एका जुन्या दुकानात हवा तसा वापरलेला कॅमेरा निघाला.

"मॅडम, आजकल ये कौन पूछता?" दुकानदार चाचा कॅमेऱ्यावरची धूळ फुंकत म्हणाले. "छोटा है, खिडकी है, सब बटनां हात से घुमाने के."

सुकेशनीने खिडकीला डोळा लावला. "चाचा, इसमें खिडकी ऊपर है और लेन्स नीचे. नजदीक से फोटो लिया तो लंबन होगा."

"हौ मॅडम, होने दो. गॅरंटी में है. लंबन हुआ तो ला के देना, बदली कर देंगे!"

मग लंबन हा बिघाड नसून खिडकी आणि लेन्स या दोन जागांवरून बघण्यातला फरक आहे, हे तिने चाचांना चहा संपेपर्यंत समजावून सांगितलं. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध होतं.

बिनसलं ते फोनवर. फुलंब्रीला दिलेली थोरली नणंद, द्वारकाबाई, सहज चौकशी करत होती.

"अन् आईचाच फोटू काहून, वहिनी?"

"राहून जायला नको, ताई. आणि या महिन्यातच काढायचा. असा उजेड पुन्हा मिळायचा नाही."

"मोठा करनार?"

"हो. हॉलमध्ये लावणार, मामंजींच्या शेजारी."

पलीकडून घाईघाईने फोन ठेवला गेला.

आता मामंजींच्या शेजारी म्हणजे कुठे, हे सुकेशनीच्या डोक्यात सेंटीमीटरमध्ये होतं. द्वारकाबाईच्या डोक्यात ते वेगळ्या मापात होतं! मामंजी, म्हणजे मल्हारी, हार घालून भिंतीवर होते. सणासुदीला त्यांच्या कपाळावर, म्हणजे कपाळावरच्या काचेवर, गंधाचा ठिपका लागायचा. पिशोरला म्हाताऱ्या माणसाचा फोटो मोठा करतात तो त्याच्या माघारी याच कामासाठी. मल्हारींनी हौसेने स्वतःचा करून घेतला आणि पुढचा पाऊस काही पाहिला नाही.

रविवारी सुकेशनी आणि हनुमान पिशोरला पोचले, तेव्हा अंगणात दोन जीपा उभ्या होत्या. ओट्यावर नारळांचा ढीग होता. धाकटा दीर सोमनाथ खांबाला टेकून नाक पुसत होता. एका मेंढ्यावरून बानाबाईंशी कित्येक वर्षं अबोला धरलेली चुलत जाऊ, साळूबाई, त्यांचेच पाय चेपत बसली होती. आणि बाजेवर नवं लुगडं नेसून, नवरदेवासारख्या ताठ बसलेल्या बानाबाई मेंढरं वाटत होत्या!

"तांबडी मेंढी द्वारकीला. दोन कोकरं सोमनाथला. अन् साळू, तो मेंढा... ने बाई, तुझाच म्हन."

साळूबाईने हंबरडा फोडला.

"आई, हे काय चाललंय?" हनुमानने विचारलं.

"डॉक्टर काय बोलला ते मला नका सांगू," बानाबाई म्हणाल्या. "मला समदं समजलंय."

"कुठला डॉक्टर? आई, तुम्ही ठणठणीत आहात!" सुकेशनी म्हणाली.

"बगा!" द्वारकाबाई जमलेल्यांकडे वळली. "शिकलेली मानसं पेशंटसमोर असंच बोलत्यात!"

सुकेशनीने समजावलं. जितकं समजावलं तितका लोकांचा संशय पक्का झाला. इतक्यात चुलीच्या धुराने हनुमानचे डोळे पाणावले, आणि मग कुणाला काही शंकाच उरली नाही.

शेवटी बानाबाईंनीच हात वर केला. "गप रे समदे! सुकेशनी, इकडं ये. तुला फोटू लई पायजेल ना?"

"हो, पण तुमच्या मनात नसेल तर नको, आई."

"भ्या तर वाटतंया. तुझ्या सासऱ्याचं काय झालं, बगितलंय मी." त्यांनी पदर सारखा केला. "पर तू मागितला म्हून बसते. एकच काढायचा. बिरोबाची आन, पुन्यांदा बसायची नाय!"

एक खटका, आणि तो चुकला तर सगळं मुसळ केरात! तिने उजेड मोजला, चकत्या फिरवल्या, पुन्हा फिरवल्या. गोंदणाचा ठिपका न् ठिपका यायला हवा म्हणून ती जवळ गेली, अजून जवळ गेली. खिडकीत सासूबाईंचा चेहरा काठोकाठ मावला होता. अंगणात मेंढरंसुद्धा गप्प झाली.

खटक्!

तिने मागचा पडदा पाहिला. पुन्हा पाहिला.

गोंदण अप्रतिम आलं होतं. ओठ, सुरकुत्या, गळ्यातल्या पोतीचा मणी न् मणी. फक्त सासूबाई नाकाच्या शेंड्यापाशी संपत होत्या! खिडकी वर, लेन्स खाली; फार जवळ गेलं की खिडकीला दिसतं ते वरचं लेन्सला दिसत नाही. दरवर्षी अकरावीला ती हेच शिकवते.

"अगं बाई, कपाळच नाय!" मागून डोकावलेली द्वारकाबाई किंचाळली. "आता गंध कुठं लावायचं?"

बानाबाईंनी कॅमेरा हातात घेऊन तो उन्हाआड धरला. बराच वेळ बघितलं.

"गोंदन माजंच हाय," त्या म्हणाल्या. "अन् कपाळ नाय." मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "गंध लावायला जागाच नाय, तर मला मरता कसं येईल? सोमनाथ! मेंढरं माघारी घे. साळू, तो मेंढा सोड, माझा हाय!"

दुपारपर्यंत जीपा गेल्या. साळूबाईचा अबोला पूर्ववत सुरू झाला.

फोटो आता गारखेड्याच्या हॉलमध्ये आहे, मामंजींच्या शेजारी. पाहुणे बघतात आणि विषय बदलतात. परवा द्वारकाबाईचा फोन आला.

"वहिनी, तो क्यामेरा इकला तर नाय ना? माझ्या सासूला फोटू काढायचाय. अन् पिशोरच्या पाच-सहा म्हाताऱ्या बी मागं लागल्यात."

"काढू की! आता मी नीट अंतर ठेवून काढीन, ताई."

"नीट नको!" द्वारकाबाई घाईने म्हणाली. "आईसारखाच काढा. कपाळाबिगर!"

सुकेशनी कधी चुकीची वस्तू घेत नाही, हे आता पिशोरलाही पटलं आहे. लंबन म्हणजे काय, ते तिने तिथे कुणाला समजावून सांगितलेलं नाही.